पाहुण्या संगणकाचा निरोप

एका संगणकाच्या पोटात दुसरा संगणक चालवता येतो, हे तुमच्यापैकी काहींनी ऐकले असेल. पोटातल्या या संगणकाला स्वतःची तारजोडणी, पेटी किंवा पंखा नसतो. तो केवळ प्रोग्रामच्या जोरावर उभा केलेला असतो. त्याला व्हर्च्युअल मशीन, म्हणजे आभासी यंत्र, असे म्हणतात. टेबलावर ठेवलेला खराखुरा संगणक हा यजमान आणि त्याच्या आत चालणारा तो पाहुणा. एका यजमानाकडे एकाच वेळी दोन, चार किंवा अधिक पाहुणेही राहू शकतात.

या पाठात आपण एकाच प्रश्नाचा विचार करणार आहोत. आतल्या पाहुण्याला काही सांगायचे असेल, तर ते बाहेर बसलेल्या माणसापर्यंत पोचवायचे कसे? प्रश्न दिसायला लहान आहे. परंतु तो सोडवताना संगणकशास्त्रातील बऱ्याच मूलभूत गोष्टींची ओळख होते, आणि तो न सोडवल्यास नुकसानही होते. ते कसे, हे आधी एका उदाहरणाने पाहू.

समजा, कुंडल परिसरातील एखाद्या माध्यमिक शाळेत गुणपत्रकांचा एक जुना प्रोग्राम वापरात आहे. तो जुन्या विंडोजवरच चालतो. शाळेने नवा संगणक घेतला, त्यावर लिनक्स बसवले आणि जुने विंडोज त्याच संगणकात पाहुणा म्हणून ठेवले. रोज सायंकाळी हा प्रोग्राम सर्व गुणांची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर उतरवतो. एके दिवशी ती डिस्क भरली. प्रोग्रामने ताबडतोब सूचना दाखवली : ‘जागा संपली. प्रत झाली नाही.’ परंतु पाहुण्याची खिडकी त्या वेळी खाली मिटवून ठेवलेली होती आणि शिक्षक दुसऱ्या खिडकीत प्रश्नपत्रिका लिहीत होते. कोणीही पाहत नसलेल्या पडद्याच्या कोपऱ्यात ती सूचना पाच सेकंद झळकली आणि विझली. असे दहा दिवस चालले. अकराव्या दिवशी मूळ डिस्क बिघडली, तर हाताशी असलेली प्रत दहा दिवसांपूर्वीची निघणार!

यात प्रोग्रामने आपले काम चोख केले. शिक्षकांनीही हयगय केली नाही. निरोप निघाला, पण पोचला नाही, एवढेच.

भिंत असते कशासाठी?

पाहुण्याचा निरोप आपोआप बाहेर का येत नाही? कारण पाहुणा आणि यजमान यांच्यामध्ये मुद्दाम एक भिंत घातलेली असते. ही भिंत घालणाऱ्या प्रोग्रामला हायपरव्हायझर म्हणतात. आपण त्याला कारभारी म्हणू.

कारभारी प्रत्येक पाहुण्याला मेमरीचा एक हिस्सा नेमून देतो. यजमानाकडे ८ गिगाबाइट मेमरी असेल, तर एखाद्या पाहुण्याला त्यातील २ गिगाबाइट मिळतात. पाहुण्याच्या दृष्टीने तेवढेच जग! त्यापलीकडे काही आहे याची त्याला जाणीवही नसते. बेरीज, गुणाकार, तुलना अशी साधी कामे पाहुणा खऱ्या प्रोसेसरवर थेट करतो, म्हणूनच तो बऱ्यापैकी वेगाने चालतो. परंतु मेमरीची वाटणी बदलणे, डिस्कला हुकूम देणे अशा अधिकाराच्या गोष्टी तो करू लागला, की प्रोसेसर तेथेच थांबतो आणि सूत्रे कारभाऱ्याच्या हाती देतो. कारभारी ती मागणी तपासतो, योग्य असेल तर पाहुण्याच्या वतीने पुरी करतो आणि मग पाहुण्याला पुढे चालू देतो.

कुंडलच्या विद्यार्थ्यांना ही भिंत समजून घेण्यासाठी दूर जावयास नको. १९४८ मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत कुंडल हे औंध संस्थानात होते. औंधचा मुलूख सलग नव्हता. मधेमधे इंग्रजी अमलाखालचा प्रदेश पसरलेला होता. शिवेच्या अलीकडे आणि पलीकडे तीच जमीन, तोच पाऊस, तीच ज्वारी. तरी शीव ओलांडली की कचेरी बदले आणि हुकूम कोणाचा चालणार हेही बदले. याच संस्थानी मुलखात १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडी वसविली. तेथील रेल्वे स्टेशनचे पूर्वीचे नाव ‘कुंडल रोड’. कारखान्याचा माल बाहेर जायचा आणि बाहेरचा माल आत यायचा, तर तो अशा ठरलेल्या वाटेनेच.

आभासी यंत्राचेही असेच असते. प्रोसेसर तोच, वीज तीच. अंमल मात्र वेगळा. आणि दोन अंमलांमध्ये ये-जा व्हायची, तर तीही ठरवून दिलेल्या वाटेनेच.

ही भिंत उपयोगाची आहे. पाहुण्याला विषाणूची लागण झाली, तरी ती सहसा आतच राहते. पाहुणा बंद पडला, तरी यजमान चालू राहतो. म्हणून निरोप बाहेर आणायचा तो भिंत पाडून नव्हे. भिंतीत एक लहानशी खिडकी ठेवायची आणि त्या खिडकीशी शहाणा माणूस बसवायचा, हा खरा उपाय.

कल्पना जुनीच

आभासी यंत्राची कल्पना अलीकडची वाटते, पण ती साठ वर्षांची आहे. आय.बी.एम. कंपनीच्या अमेरिकेतील केंब्रिज येथील शास्त्रीय केंद्रात १९६४ नंतर सीपी-४० नावाच्या प्रणालीवर काम सुरू झाले. एकच अवाढव्य संगणक अनेकांना वापरता यावा, आणि प्रत्येकाला आपल्याजवळ स्वतंत्र संगणक आहे असे वाटावे, हा तिचा हेतू होता. याच मार्गाने पुढे १९७२ मध्ये व्हीएम/३७० ही प्रणाली बाजारात आली. तिच्यात एका वापरकर्त्याने दुसऱ्याच्या पडद्यावर चार शब्दांचा निरोप धाडण्यासाठी ‘मेसेज’ नावाची आज्ञा होती. म्हणजे आभासी यंत्रांमध्ये भिंत घालणाऱ्यांना भिंतीतल्या खिडकीची गरजही तेव्हाच पटलेली होती.

१९७४ मध्ये पोपेक आणि गोल्डबर्ग या शास्त्रज्ञांनी कोणत्या प्रकारच्या प्रोसेसरवर अशी भिंत नीट घालता येते, याचे नियम मांडले. घरगुती संगणकांवर ही सोय १९९९ मध्ये व्हीएमवेअर कंपनीच्या प्रोग्राममुळे आली. २००५-०६ मध्ये इंटेल आणि एएमडी यांनी आपल्या प्रोसेसरमध्येच त्यासाठी खास योजना केली. २००७ मध्ये केव्हीएम नावाचा कारभारी लिनक्समध्येच समाविष्ट झाला. आज साध्या शाळेतल्या संगणकावरही पाहुणा ठेवता येतो.

सूचना म्हणजे नेमके काय?

पडद्याच्या कोपऱ्यात उमटणारी सूचना आपल्याला चित्रासारखी दिसते. परंतु तिच्यामागे एक भरलेला अर्ज असतो. लिनक्सवर या अर्जाचा नमुना फ्रीडेस्कटॉप या प्रकल्पाने ठरवून दिला आहे. त्यात आठ रकाने असतात :

१. सूचना देणाऱ्या प्रोग्रामचे नाव
२. कोणत्या जुन्या सूचनेच्या जागी ही दाखवायची, तिचा क्रमांक (नवीन असल्यास शून्य)
३. लहान चित्र
४. शीर्षक
५. मजकूर
६. बटणे, उदाहरणार्थ ‘पुन्हा प्रयत्न करा’
७. इतर खुणा, उदाहरणार्थ निकड किती आहे
८. किती वेळ दाखवायची, हजारांश सेकंदांत (शून्य लिहिल्यास आपोआप पुसायची नाही)

प्रोग्राम हा अर्ज भरून डी-बस नावाच्या व्यवस्थेकडे देतो. डी-बस हे संगणकातील पोस्ट खातेच समजा. सूचना दाखवण्याचे काम ज्याच्याकडे आहे, त्याच्याकडे डी-बस हा अर्ज पोचवते. सूचना दाखवणारा तो चालक सूचना पडद्यावर मांडतो आणि अर्जदाराला एक क्रमांक परत देतो. पुढे माणसाने बटण दाबले, किंवा सूचना मिटली, की त्या क्रमांकाच्या आधारे तशी वर्दी अर्जदाराकडे जाते. एका पोस्ट खात्यात सूचना दाखवण्याचा मान एका वेळी एकाच प्रोग्रामला असतो, ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे ती उपयोगी पडणार आहे.

पाहुण्याच्या आत त्याची स्वतःची डी-बस असते, आणि यजमानाची वेगळी. दोन्ही पोस्ट खात्यांची एकमेकांशी ओळख नाही. आपल्याला त्यांची गाठ घालून द्यायची आहे.

निरोपाचे चार टप्पे

पहिला टप्पा. पाहुण्याच्या आत नेहमीच्या चालकाऐवजी आपला एक प्रोग्राम बसवायचा. त्याला आपण निरोप्या म्हणू. सूचना दाखवण्याचा मान आता निरोप्याकडे येतो. त्यामुळे पाहुण्यातील कोणत्याही प्रोग्रामात काहीही बदल करावा लागत नाही. तो नेहमीप्रमाणेच अर्ज करतो. अर्ज घेणारा बदलला आहे, हे त्याला कळतही नाही. (पाहुणा विंडोज असेल, तर तेथील सूचना-व्यवस्थेतून वाचणारा निरोप्या लागतो. पुढचे टप्पे तेच.)

दुसरा टप्पा. निरोप्या अर्जाचे रकाने एकापुढे एक मांडून बाइटांची एक सरळ माळ तयार करतो. प्रत्येक रकान्याच्या आधी त्याची लांबी लिहितो, म्हणजे पलीकडच्याला कोठे थांबायचे ते कळते.

तिसरा टप्पा. ही माळ भिंतीतल्या खिडकीतून बाहेर जाते. यासाठी व्हीसॉक नावाची सोय आहे. हिच्यात प्रत्येक यंत्राला एक क्रमांक असतो. यजमानाचा क्रमांक नेहमी २. पाहुण्यांना ३ किंवा त्यापुढचे क्रमांक यजमानाकडून मिळतात. या वाटेला इंटरनेट लागत नाही. पाहुण्याचे नेटवर्क पूर्ण बंद ठेवले, तरी निरोप येऊ शकतो.

चौथा टप्पा. यजमानाकडे एक द्वारपाल प्रोग्राम बसलेला असतो. तो माळ उकलतो, तपासतो, आणि यजमानाच्या डी-बसकडे नवा अर्ज करतो. आता सूचना शिक्षकांच्या डोळ्यांसमोरच्या पडद्यावर उमटते.

अशी योजना केवळ कागदावर नाही. क्रोमबुक या संगणकांवर लिनक्सचे प्रोग्राम एका आभासी यंत्रात चालवले जातात, आणि त्यांच्या सूचना बाहेर आणण्यासाठी तेथे स्वतंत्र प्रोग्राम लिहिलेला आहे.

विचारत बसावे, की हाकेची वाट पाहावी?

तिसऱ्या टप्प्यावर थोडा हिशेब करू. समजा द्वारपालाने दर सेकंदाला खिडकीशी जाऊन विचारले, ‘काही निरोप आहे का?’ एका दिवसात सेकंद असतात २४ × ६० × ६० = ८६,४००. दिवसभरात निरोप आले ३०. म्हणजे निदान ८६,३७० फेऱ्या वाया गेल्या. फेऱ्या कमी करण्यासाठी मिनिटातून एकदाच विचारले, तर फेऱ्या होतील १,४४०. परंतु आता एखादा निरोप जास्तीत जास्त ६० सेकंद पडून राहील. निरोप कोणत्याही क्षणी येत असतील, तर सरासरी उशीर मधल्या अवधीच्या निम्मा, म्हणजे ३० सेकंद होईल. फेऱ्या वाचवाव्या तर उशीर वाढतो, आणि उशीर टाळावा तर फेऱ्या वाढतात.

या पेचातून सुटण्याचा मार्ग म्हणजे घंटा. पाहुणा आपला निरोप दोघांनाही दिसेल अशा मेमरीच्या लहानशा तुकड्यात ठेवतो आणि कारभाऱ्याला एक टोला देतो. तोवर द्वारपाल झोपलेला असतो. प्रोसेसरचा वेळ तो मुळीच खात नाही. टोला पडला की तो जागा होतो. यजमानाकडून पाहुण्याकडे उत्तर जाताना कारभारी पाहुण्याला असाच टोला देतो. त्याला इंटरप्ट म्हणतात. कळफलकावरचे बटण दाबल्यावर संगणकाला ते कळते, तेही इंटरप्टमुळेच.

क्रमांकांची वही

आता एक बारीक अडचण पाहा. यजमानाकडे दोन पाहुणे आहेत. ३ क्रमांकाच्या पाहुण्यात गुणपत्रकांचा प्रोग्राम, ४ क्रमांकाच्या पाहुण्यात ग्रंथालयाचा. दोघांच्याही निरोप्याने आपापल्या सूचनेला ७ हा क्रमांक दिला. यजमानाच्या पडद्यावर मात्र एका क्रमांकाची एकच सूचना असू शकते. म्हणून द्वारपालाला एक वही ठेवावी लागते :

पाहुणा ३, त्याची सूचना ७ : यजमानाकडे ४१
पाहुणा ४, त्याची सूचना ७ : यजमानाकडे ४२

शिक्षकांनी ४२ क्रमांकाच्या सूचनेवर ‘पुन्हा प्रयत्न करा’ हे बटण दाबले. यजमान द्वारपालाला सांगतो, ‘४२ चे बटण दाबले.’ द्वारपाल वही उघडतो आणि ४ क्रमांकाच्या पाहुण्याला कळवतो, ‘तुझ्या ७ चे बटण दाबले.’ वही नसती, तर ग्रंथालयाचे काम करायचे सोडून गुणपत्रके पुन्हा लिहिली गेली असती.

दुसरा रकाना आठवा. एखादा प्रोग्राम फाइलची नक्कल करताना ‘१ टक्का झाले, २ टक्के झाले’ असे सांगत जातो. दर वेळी तो म्हणतो, ‘सात नंबरच्या जागी ही नवी दाखव.’ वहीत ७ म्हणजे ४१ अशी नोंद असेल, तर एकच सूचना शंभर वेळा बदलते. नोंद नसेल, तर शंभर वेगवेगळ्या सूचनांचा ढीग पडतो.

सूचना मिटली की तिची ओळ वहीतून खोडावी. नाहीतर वही फुगतच जाईल. यजमानाचा सूचना-चालक बंद होऊन पुन्हा सुरू झाला, तर त्याचे क्रमांक नव्याने सुरू होतात. तेव्हा जुनी वही सर्वच रद्द करावी.

निरोप घ्यावा, पण पारखून

आतापर्यंत आपण पाहुणा भला आहे असे धरून चाललो. परंतु पुष्कळ वेळा पाहुणा ठेवतात तो त्याच्यावर पुरता भरवसा नसतो म्हणूनच! अनोळखी फाइल उघडायची असेल, तर ती पाहुण्याच्या आत उघडतात. क्यूब्ज नावाची एक संगणक प्रणाली याच तत्त्वावर उभारलेली आहे. तिच्यात बँकेचे काम एका आभासी यंत्रात, अनोळखी कागदपत्रे दुसऱ्यात, आणि प्रत्येकाच्या खिडकीला वेगळ्या रंगाची चौकट. कोणती खिडकी कोणाची, हे रंगावरून कळते, आणि तो रंग खिडकीच्या मालकाला बदलता येत नाही.

१९४३ ते १९४६ या काळात कुंडल हे सातारच्या प्रतिसरकारचे एक मोठे केंद्र होते. भूमिगत कामात निरोप न मिळणे वाईट. पण खोट्या निरोपावर विश्वास बसणे त्याहून घातक. संगणकाच्या द्वारपालालाही हेच तत्त्व पाळावे लागते. त्याने कोणत्या गोष्टी पाहाव्यात?

पहिली गोष्ट, निरोप कोणाचा? अर्जाच्या पहिल्या रकान्यात लागण झालेला पाहुणा ‘यजमान संगणक’ असेही लिहील, आणि मजकुरात म्हणेल, ‘तुमचा पासवर्ड संपला आहे, येथे लिहा.’ म्हणून नाव पाहुण्याने लिहिलेले धरायचे नाही. निरोप कोणत्या क्रमांकाच्या पाहुण्याकडून आला, हे कारभाऱ्याला पक्के ठाऊक असते, कारण तो क्रमांक यजमानानेच दिलेला आहे. द्वारपालाने त्यावरून ‘पाहुणा ३ कडून’ असा शिक्का स्वतः मारावा. पत्रावरची सही कोणीही करील. पोस्टाचा शिक्का पोस्टच मारते.

दुसरी गोष्ट, मजकुरातील खुणा. सूचनेच्या मजकुरात ठळक अक्षर, दुवा अशांसाठी काही खुणा चालतात. पाहुण्याच्या मजकुरातील अशा खुणा निष्प्रभ करून तो साधा मजकूर म्हणूनच दाखवावा. दुवा उघडायचाच असेल, तर तो पाहुण्याच्या आत उघडावा, यजमानाकडे नव्हे.

तिसरी गोष्ट, चित्राचा आकार. चित्राची रुंदी १००० ठिपके, उंची १००० ठिपके आणि प्रत्येक ठिपक्याला ४ बाइट, असे अर्जात लिहिले असेल, तर ४० लाख बाइट यायला हवेत. प्रत्यक्षात ४०० च आले आणि द्वारपालाने अर्जावर विसंबून ४० लाख वाचायला घेतले, तर तो स्वतःच्या मेमरीत नको तेथे भटकेल. अशाच चुकांतून भिंतीला भगदाड पडते. आधी गुणाकार करावा, मग मोजावे, जुळले तरच चित्र घ्यावे. चित्र नाकारले, तरी मजकूर मात्र दाखवावा.

चौथी गोष्ट, निकड. अर्जात निकडीच्या तीन पायऱ्या असतात : किरकोळ, साधारण आणि तातडीची. सांगलीला आयर्विन पुलाशी कृष्णेची पातळी मोजतात. ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका, असे तेथे ठरलेले आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पाणी ५७ फुटांवर गेले होते. या पातळ्यांना अर्थ आहे, तो त्या आधी ठरवून मोजपट्टीवर कोरल्या आहेत म्हणून. ओरडणाऱ्याच्या आवाजावर त्या अवलंबून नाहीत. तसेच येथे. कोणत्या पाहुण्याला ‘तातडीची’ सूचना देण्याचा हक्क आहे, हे यजमानाने आधी ठरवावे. गुणपत्रकांच्या पाहुण्याला तो द्यावा. अनोळखी फाइली उघडण्याच्या पाहुण्याने ‘तातडीचे’ म्हटले, तरी ते ‘साधारण’ समजावे.

पाचवी गोष्ट, संख्या. पाहुण्याने सेकंदाला हजार निरोप धाडले, तर त्या गर्दीत खरा निरोप बुडून जाईल. यासाठी एक सोपी युक्ती आहे. प्रत्येक पाहुण्यासाठी एक वाटी ठेवा. तिच्यात जास्तीत जास्त ५ चिंचोके मावतात. दर १० सेकंदांनी एक चिंचोका टाकायचा. वाटी भरलेली असेल तर टाकायचा नाही. प्रत्येक निरोपाला एक चिंचोका खर्च होतो. वाटी रिकामी असेल, तर निरोप थांबवायचा. भरलेल्या वाटीपासून सुरुवात केली, तर पहिल्या मिनिटात जास्तीत जास्त ५ + ६ = ११ निरोप जातील. एकदम चारपाच निरोप आले तरी चालते, पण सततचा भडिमार रोखला जातो.

मात्र थांबवलेले निरोप मुकाट्याने फेकून देऊ नयेत. ‘पाहुणा ३ चे १२० निरोप गाळले,’ एवढी एक ओळ तरी दाखवावी. नाहीतर ज्या दोषासाठी हा सारा खटाटोप केला, तोच दोष दुसऱ्या दाराने आत येईल.

देवनागरी निरोपाची कापाकापी

लांबीवर मर्यादा घालताना मराठी मजकुराची विशेष काळजी घ्यावी लागते. मजकूर साठवण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत रोमन लिपीतील साध्या अक्षराला १ बाइट लागतो, तर देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला ३. येथे चिन्ह म्हणजे व्यंजन, स्वर, काना, वेलांटी, उकार, अनुस्वार, पायमोडीची खूण ही सर्व वेगवेगळी मोजायची. ‘कुंडल’ या शब्दात क, उकार, अनुस्वार, ड आणि ल अशी ५ चिन्हे आहेत, म्हणून १५ बाइट.

आता द्वारपालाने डोळे मिटून १० बाइटांवर मजकूर तोडला, तर काय होईल? ९ बाइटांत क, उकार आणि अनुस्वार, म्हणजे ‘कुं’ येते. दहावा बाइट हा ‘ड’ च्या तीन बाइटांपैकी पहिला. त्याला स्वतःचा काहीच अर्थ नाही. डी-बसचा नियम असा, की मजकूर शुद्ध यूटीएफ-८ मध्येच हवा. असा तुटका बाइट धाडणाऱ्याची जोडणी ती तोडून टाकते. म्हणजे रोमन लिपीतील निरोप वर्षभर बिनबोभाट पोचतील, आणि पहिला लांब मराठी निरोप आला की द्वारपाल कोलमडेल!

बाइटांऐवजी चिन्हांवर तोडले, तर एवढा अनर्थ होत नाही, पण अक्षर मात्र मोडते. ‘कुंडल’ एका चिन्हावर तोडला तर ‘कु’ ऐवजी नुसता ‘क’ उरतो. म्हणून पूर्ण अक्षरावर तोडावे : कुं, ड, ल अशी येथे तीनच अक्षरे आहेत. शिवाय मर्यादा ठरवतानाच लक्षात घ्यावे, की ६० बाइटांत रोमन लिपीतील ६० अक्षरे बसतात, तर देवनागरीची २० चिन्हेच.

वर्गात करून पाहा

संगणक नसला तरी हा पाठ वर्गात करता येतो. वर्गात एक पडदा बांधा. पडद्यामागे दोन पाहुणे, प्रत्येकाजवळ एक निरोप्या. पडद्याला वहीच्या पानाएवढी एक फट ठेवा. बाहेर द्वारपाल आणि त्याच्याजवळ वही, पाच चिंचोक्यांची वाटी व शिक्का. फळ्यापाशी एक विद्यार्थी सूचना लिहील. पाहुण्यांनी चिठ्ठ्यांवर आठ रकाने भरून द्यावेत.

प्रथम घंटेशिवाय खेळा : द्वारपालाने दर अर्ध्या मिनिटाने फटीशी जाऊन पाहावे. प्रत्येक निरोपाला किती उशीर झाला, ते घड्याळावर मोजा आणि सरासरी काढा. ती १५ सेकंदांच्या जवळपास यावी. मग निरोप्याने टिचकी वाजवावी आणि पुन्हा मोजा. त्यानंतर वही काढून घ्या, आणि फळ्यावरील एका सूचनेचे बटण ‘दाबा’. उत्तर कोणत्या पाहुण्याकडे जावे, यावरून गोंधळ उडेल. शेवटी एका पाहुण्याला खोटे नाव लिहायला सांगा, आणि शिक्का असताना व नसताना वर्गातील किती जण फसतात ते पाहा.

एक गोष्ट राहिली. सूचना पडद्यावर उमटली म्हणजे ती वाचली गेली असे नव्हे. शिक्षक त्या वेळी तासावर असतील. म्हणून गुणांच्या प्रतीसारख्या महत्त्वाच्या बाबतीत तातडीच्या सूचनेचा आठवा रकाना शून्य ठेवावा, म्हणजे ती आपोआप विझत नाही. आणि आठवड्यातून एकदा प्रत उघडून ती खरोखर ताजी आहे का, हे स्वतः पाहावे.

प्रश्न

१. द्वारपाल दर ५ सेकंदांनी विचारतो. दिवसात फेऱ्या किती? सरासरी उशीर किती?
२. वाटीत ४ चिंचोके मावतात आणि दर १५ सेकंदांनी एक मिळतो. वाटी भरलेली असताना सुरुवात केल्यास २ मिनिटांत जास्तीत जास्त किती निरोप जातील?
३. २०० × २०० ठिपक्यांच्या चित्राला, ठिपक्यास ४ बाइट धरून, किती बाइट लागतील?
४. ‘किर्लोस्करवाडी’ या शब्दाला किती बाइट लागतात? मर्यादा २० बाइटांची असेल आणि पूर्ण अक्षरावरच तोडायचे असेल, तर काय उरेल?
५. निरोप्याने प्रोग्रामला क्रमांक केव्हा द्यावा : अर्ज हाती येताच, की यजमानाचे उत्तर आल्यावर? दोन्हींचे फायदे-तोटे लिहा.

उत्तरे

१. १७,२८० फेऱ्या, अडीच सेकंद. २. ४ + ८ = १२. ३. १,६०,००० बाइट. ४. चिन्हे १४, म्हणून ४२ बाइट. उरेल ‘किर्लो’, म्हणजे १८ बाइट. उरलेल्या २ बाइटांत पुढचे ‘स्क’ मावत नाही, कारण त्याला ९ लागतात. ५. अर्ज येताच क्रमांक दिला, तर प्रोग्राम खोळंबत नाही. परंतु यजमानापर्यंत निरोप पोचल्याची खात्री नसते. उत्तर आल्यावर दिला, तर खात्री असते. परंतु द्वारपाल बंद असेल तर प्रोग्राम वाट पाहत राहतो. तुमच्या शाळेच्या कामासाठी यांपैकी कोणते बरे, याची चर्चा वर्गात करावी.